गृहपती साने गुरुजी

दरवर्षी जून उजाडला की आमच्या ज्ञातीतील दहापाच घरांतून तरी एक लहान ट्रंक, एक अंथरुणाची वळकटी आणि एक रडवेले मूल बाहेर पडते. कोणी नवोदय विद्यालयात, कोणी सैनिकी शाळेत, तर कोणी ज्ञातीच्या वा सरकारच्या वसतिगृहात राहून शिकण्यास जाते. अशा मुलांची नावे स्मरणिकेत अभिनंदनासह छापली जातात आणि ती वाचून आम्हां सर्वांसच धन्यता वाटते, हे योग्यच आहे. परंतु त्या यादीत नाव येण्यापूर्वी त्या दहा-अकरा वर्षांच्या जीवाने परक्या छताखाली पहिली रात्र कशी काढली, हे कोणी विचारीत नाही आणि मूलही आपण होऊन सांगत नाही. चिटणीसांनी यंदा आमच्याकडे एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून मागितले, तेव्हा ही रात्र ज्यांना नीट ठाऊक होती अशा एका पुरुषाचे नाव आम्हांस प्रथम आठवले. ते नाव म्हणजे पांडुरंग सदाशिव साने, अर्थात साने गुरुजी.

गुरुजी आमच्या ज्ञातीचे नव्हते. किंबहुना कोणत्याही एका ज्ञातीने त्यांना आपले म्हणावे, हे त्यांनाच रुचले नसते. पंढरपूरच्या विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात ज्यांनी प्राण पणास लावून उपोषण केले, त्यांचे चरित्र ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत छापण्यात थोडी विसंगती आहे, हे आम्ही जाणतो. तथापि मुले सर्व ज्ञातींची सारखीच रडतात, एवढे कारण आम्हांस पुरेसे वाटते. गुरुजींचे देशकार्य, त्यांचा तुरुंगवास, त्यांचे विपुल साहित्य यांविषयी अनेक अधिकारी लेखकांनी लिहिले आहे. आम्ही येथे मुख्यतः त्यांच्या आयुष्यातील सहाच वर्षांकडे आणि त्या सहा वर्षांची तयारी ज्या बालपणात झाली त्याकडे वाचकांचे लक्ष वेधणार आहोत.

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात पालगड हे गाव आहे. तेथे २४ डिसेंबर १८९९ रोजी गुरुजींचा जन्म झाला. घराणे खोताचे, परंतु वडील सदाशिवराव यांच्या काळात ते वैभव ओसरत गेले आणि घरात ओढग्रस्त आली. आई यशोदाबाई. या माउलीचे संस्कार महाराष्ट्रातील घरोघरी ठाऊक आहेत, म्हणून त्यांचा विस्तार आम्ही करीत नाही. आमच्या विषयापुरती लक्षात घेण्याची गोष्ट एवढीच की, ज्या मुलाचा जीव आईत इतका गुंतला होता, त्या मुलास शिक्षणासाठी एकदा नव्हे, चार वेळा घर सोडावे लागले.

पहिल्या वेळी त्यांस पुण्यास मामांकडे पाठविण्यात आले. मामांचे घर म्हणजे परके घर नव्हे, असे आपण मोठी माणसे म्हणतो. परंतु मुलाचे गणित निराळे असते. जेथे आई नाही ते घर परके, मग ते मामांचे असो की राजाचे असो. पुण्यात त्यांचे मन रमले नाही आणि ते पालगडास परत आले. अशा परत आलेल्या मुलास आपल्याकडे काय काय ऐकावे लागते, ते वाचकांस सांगावयास नको. मूल चंचल आहे, नादान आहे, याच्या हातून काही होणार नाही, असा निकाल शेजारीपाजारी लगेच देऊन टाकतात. आज महाराष्ट्र ज्यांना गुरुजी म्हणून वंदन करतो, तेही एकदा शिक्षण टाकून घरी परतलेले मूल होते, हे आमच्या ज्ञातीतील ज्या घरांत असे एखादे मूल परत आले असेल त्या घराने अवश्य ध्यानात ठेवावे.

दुसऱ्या वेळी दापोलीच्या मिशन शाळेत त्यांचे नाव घातले गेले. दापोली पालगडहून पायी जाण्याच्या अंतरावर होती. आम्हांस वाटते, या वेळी मूल टिकले याचे एक कारण हे अंतरच असावे. घर चालून जाण्याजोगे जवळ आहे, आठवडा कसाबसा ढकलला की आईचे दर्शन होईल, ही आशा मुलास उभे राहण्यास बळ देते. दापोलीस त्यांची बुद्धी चमकली. मराठी व संस्कृत या दोन्ही भाषांवर त्यांचे प्रभुत्व दिसू लागले, काव्याची गोडी लागली. परंतु घरची स्थिती आणखी खालावली आणि तेथील शिक्षण चालविणे अशक्य झाले. वडील बंधूंप्रमाणे आपणही नोकरी पाहावी, असे विचार त्यांच्या मनात येऊ लागले.

तेव्हा एका मित्राच्या सांगण्यावरून औंध संस्थानाची वाट त्यांनी धरली. तेथे गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची व जेवणाची फुकट सोय होती. हे तिसरे प्रस्थान. कोकणातील मुलगा घाट ओलांडून देशावर गेला. आता चालत घरी येणे नाही, आठवड्याची भेट नाही. तेथे त्यांनी पुष्कळ हाल सोसले. इतके करूनही ते शिक्षण पुरे झाले नाही. औंधास प्लेगची साथ आली आणि विद्यार्थ्यांना आपापल्या घरी धाडण्यात आले.

यानंतरची एक हकीकत चरित्रकार सांगतात. पालगडास परतल्यावर एके रात्री आईवडिलांचे बोलणे त्यांच्या कानी पडले. मुलाचे लक्ष खरोखर शिक्षणात आहे काय, अशी शंका वडील बोलून दाखवीत होते. हे बोलणे त्यांच्या जिव्हारी लागले आणि ते तडक पुण्यास निघून गेले. तेथे नूतन मराठी विद्यालयात त्यांनी नाव घातले आणि अर्धपोटी राहून अभ्यास केला. पहिल्याने जे पुणे त्यांना सोसले नव्हते, त्याच पुण्यात या चौथ्या वेळी ते टिकले. आम्ही चाळीस वर्षे मुले पाहिली. आमचा अनुभव असा की, परत आलेले मूल दुसऱ्यांदा वा तिसऱ्यांदा स्वतःच्या मनाने जाते तेव्हा ते बहुधा टिकते. मात्र ते स्वतःच्या मनाने गेले पाहिजे. वडिलांच्या शंकेचा घाव बसल्यामुळे गुरुजी गेले, म्हणून तसा घाव घालणे हा उपाय आहे असे कोणी समजू नये. एका मुलास तो लागू पडला. दहा मुले त्याने कायमची कोमेजतात.

१९१७ साली, मुलगा असा दूर शिकत असताना, यशोदाबाई निवर्तल्या. मायलेकरांची शेवटची भेट झाली नाही. पुढल्याच वर्षी, १९१८ साली, ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. ज्या आईने पोटास चिमटा घेऊन मुलास दूर धाडले, तिला त्याच्या यशाची वार्ता कळली नाही. घर सोडलेल्या प्रत्येक मुलाच्या मनात, आपण येथे असताना तिकडे आईला काही झाले तर, ही एक भीती दडलेली असते. मोठी माणसे तिला वेडगळ म्हणून उडवून लावतात. गुरुजींच्या बाबतीत ती खरी ठरली होती. म्हणूनच, आमच्या मते, त्यांनी पुढे कोणत्याही मुलाची भीती वेडगळ मानली नाही.

१९२२ साली ते बी. ए. झाले. त्यानंतर खानदेशातील अमळनेर येथे प्रताप शेठजींच्या आश्रयाने चाललेल्या तत्त्वज्ञान मंदिरात ते अध्ययनासाठी आले, आणि १९२४ च्या जून महिन्यात त्याच गावच्या खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलात शिक्षक म्हणून रुजू झाले. हेच पुढे प्रताप हायस्कूल म्हणून महाराष्ट्रास परिचित झाले. लवकरच शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. वय अवघे पंचविशीचे, स्वतः अविवाहित, बोलणे कोकणी वळणाचे, स्वभाव अत्यंत लाजाळू. गृहपती म्हटल्यावर जो भारदस्त, हातात छडी घेतलेला पुरुष आपल्या डोळ्यांपुढे येतो, त्याच्याशी या तरुणाचे काहीच साम्य नव्हते.

त्या काळचे छात्रालय कसे असावे, याची आजच्या पालकांस कल्पना यावी म्हणून थोडे सांगतो. अमळनेर हे बोरी नदीकाठचे, सूरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचे गाव. संत सखाराम महाराजांमुळे ते वारकऱ्यांस परिचित, आणि प्रताप मिलमुळे व्यापाऱ्यांस. आसपासच्या खेड्यांत प्राथमिक शाळेपलीकडे शिक्षणाची सोय नसे. म्हणून शेतकऱ्यांची, लहान व्यापाऱ्यांची मुले तेथे येत. घरी अहिराणी बोलणारे, आईला माय म्हणणारे मूल शाळेत पुस्तकी मराठीपुढे गांगरून जाई. आपल्या बोलण्याला वर्ग हसेल या धास्तीने कित्येक मुले आठवडेच्या आठवडे तोंड उघडीत नाहीत, हे आम्ही आमच्या नोकरीत प्रत्यक्ष पाहिले आहे. त्या काळी याहून बरे असेल असे मानण्यास कारण नाही. त्यात दिवे कंदिलांचे, पाणी विहिरीचे, जेवण एकाच चवीचे, आणि घरचे पत्र येण्यास लागणारे दिवस.

या मुलांसाठी गुरुजींनी काय केले? भाषणे केली नाहीत. मुले शाळेत वा खेळावयास गेली की ते त्यांच्या खोल्यांत शिरत. अस्ताव्यस्त पडलेली अंथरुणे नीट गुंडाळून ठेवीत, कपड्यांच्या घड्या घालीत, मळलेले कपडे धुऊन वाळत टाकीत, काजळी धरलेल्या कंदिलांच्या काचा पुसून लख्ख करीत. कोणी आजारी पडले तर रात्र रात्र त्याच्या उशाशी बसत आणि त्याची सर्व सेवा, कसलीही किळस न बाळगता, आपल्या हातांनी करीत. संध्याकाळी मूल परत येई तेव्हा त्याच्या खोलीवरून कोणाचा तरी मायेचा हात फिरून गेलेला असे.

यावर कोणी म्हणेल की, अशाने मुले लाडावतात आणि परावलंबी होतात. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. मुलाने आपला सदरा आपण धुवावा, याच मताचे आम्ही आहोत आणि आमच्या नोकरीच्या काळात आम्ही मुलांकडून तसे करवूनही घेतले. परंतु गुरुजींची रीत नीट पाहिली म्हणजे दिसते की, त्यांनी मुलास कामापासून सोडविले नाही. त्यांनी काम करून दाखविले. आपले शिक्षक आपले कपडे धुतात हे पाहून मुले ओशाळली आणि हळूहळू आपली कामे आपण करू लागली, असे सांगतात. स्वावलंबनाचा नियम भिंतीवर लिहून जे साधत नाही, ते तेथे न बोलता साधले. दुसरे असे की, आईपासून तुटलेल्या मुलाला पहिल्या पंधरवड्यात धुतलेल्या सदऱ्यापेक्षा, आपण कोणाच्या तरी लक्षात आहोत या खात्रीची गरज अधिक असते. ती खात्री पटली की सदरा ते स्वतः धुते.

येथे आमच्या अनुभवाच्या चार गोष्टी सांगितल्या तर त्या अस्थानी होणार नाहीत. आम्ही जेथे काही वर्षे वसतिगृहाचे काम पाहिले तेथे नव्या मुलांच्या तीन वेळा कठीण असत. एक दिवेलागणीची, दुसरी दिवा मालविल्यानंतरची, आणि तिसरी रविवारच्या दुपारची. सकाळी प्रार्थना, शाळा, खेळ यांत मन गुंतलेले राही; अंधार पडला की घर आठवे. पोटात दुखते, डोके दुखते, जेवण जात नाही, अशा तक्रारी बहुधा संध्याकाळीच निघत. त्या खोट्या नसत. मुलाचे पोट खरोखरच दुखे, मात्र त्याचे मूळ पोटात नसे. कोणी अंथरुण ओले करी आणि पहाटे उठून ते लपवी. अशा मुलाची चारचौघांत हजेरी घेणारे गृहपती आम्ही पाहिले आहेत. त्यांची नावे घेण्यात अर्थ नाही. आणि पुष्कळ मुलांचे दुःख दुणावले होते ते त्यांच्या वडिलांच्या एका लबाडीने. बाजारातून खाऊ घेऊन येतो, असे सांगून वडील जे जात ते थेट गावी जात. मूल दारात बसून वाट पाही. पुढे कित्येक दिवस ते कोणाच्याच शब्दावर विश्वास ठेवीत नसे. रडू कोसळले तरी चालेल, पण निरोप समोरासमोर घ्यावा आणि भेटीचा जो दिवस सांगितला असेल तो चुकवू नये. आज मोबाईल आला. वसतिगृहातून ठरलेल्या दिवशी घरी बोलता येते. पण तिकडे आईनेच हुंदका दिला की इकडे मूल रात्रभर तळमळते, ही गोष्ट मोबाईलने बदललेली नाही.

दिवेलागणीच्या या उदासीवर गुरुजींनी जे औषध शोधले ते गोष्टींचे आणि लेखणीचे. मुलांना जवळ घेऊन ते देशोदेशीच्या गोष्टी सांगत. त्याखेरीज छात्रालयासाठी ते एक हस्तलिखित दैनिक काढीत. ते स्वतःच लिहीत आणि मुलांना वाचावयास लावून ठेवीत. त्यात जगातल्या वार्ता असत, थोरांच्या कथा असत, तसेच छात्रालयातील रोजच्या लहानसहान गोष्टींची दखलही असे. शाळा शिकविणे, पोरांची उस्तवार करणे आणि त्यावर रोज नवे दैनिक हाताने लिहिणे, हे केवढे श्रम आहेत, ते शिक्षकी पेशातील वाचकांसच कळेल. आम्हांस तर वर्षातून एक भित्तिपत्रक काढतानाही धाप लागे. परंतु या दैनिकाचे मोल केवळ ज्ञानाचे नव्हते. रोज सकाळी उठल्यावर वाट पाहण्याजोगे काहीतरी आहे, आणि ते आपल्यासाठीच लिहिलेले आहे, ही गोष्ट घराच्या आठवणीने कासावीस झालेल्या मुलास केवढा आधार देत असेल! पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिकही चालविले आणि ते मुलांत फार लोकप्रिय झाले.

ही सहा वर्षे १९३० साली संपली. मिठाच्या सत्याग्रहाची हाक आली आणि गुरुजींनी शाळा सोडली. देशाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. तरीही आमच्यातील जुना शिक्षक क्षणभर त्या छात्रालयातील मुलांकडे वळून पाहतो. एकदा घरच्या आईपासून दुरावलेली ती मुले आता दुसऱ्यांदा दुरावली. मात्र गुरुजींनी त्यांची फसवणूक केली नाही. आपण का जातो हे मुलांना ठाऊक होते, आणि त्यांतील काही पुढे त्याच वाटेने चालली.

त्यानंतर धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक असे तुरुंग झाले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबाजींनी गीतेवर प्रवचने केली, ती गुरुजींनी लिहून घेतली म्हणून आज आपणांस उपलब्ध आहेत. त्रिचनापल्लीस दक्षिणेकडील बंदिवानांचा सहवास घडला आणि भारतातील भाषाभगिनींनी एकमेकींस ओळखावे या ध्यासाने, म्हणजेच आंतरभारतीच्या कल्पनेने, त्यांच्या मनात घर केले. आणि नाशिकच्या तुरुंगात, १९३३ च्या फेब्रुवारीत, ९ ते १३ या अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ या पुस्तकाचा बहुतेक भाग लिहिला गेला.

हे पुस्तक ज्या घरात नाही असे आमच्या ज्ञातीत एखादेच घर असेल. पण त्याची रचना पुष्कळांच्या ध्यानात येत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. या पुस्तकात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. छापील पुस्तकात त्या बेचाळीस आहेत. श्याम आपल्या आश्रमातील सोबत्यांना संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर रोज एक आठवण सांगतो, अशी ती मांडणी आहे. म्हणजे सांगणाऱ्याला आई उरलेली नाही आणि ऐकणारे आपापल्या घरापासून दूर आहेत. वेळ तीच, दिवा लागल्यानंतरची. हे पुस्तक तुरुंगात लिहिले गेले खरे. पण त्याचा घाट अमळनेरच्या छात्रालयात, मुलांना गोष्टी सांगता सांगता घडला असावा, असे आम्हांस अनेक वर्षे वाटत आले आहे. त्यात पोहण्याची एक आठवण आहे. पोहावयास जाण्यास भिऊन लपून बसलेल्या श्यामला आई शोधून काढते, छडी मारून घालवून देते, आणि तो पोहून आल्यावर त्याचे वळ पाहून तिचेच डोळे भरून येतात. मुलास दूर शिकावयास धाडणाऱ्या आईबापांनी ही रात्र पुन्हा एकदा वाचावी. धाडणे आणि कळवळणे, ही दोन्ही एकाच आईत कशी नांदतात, ते तेथे दिसते. धाडले म्हणजे झाले असे मानणारे आईबाप आणि कळवळ्यापायी कधीच न धाडणारे आईबाप, असे दोन्ही प्रकार आमच्या ज्ञातीत आहेत.

‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाले. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. परंतु तो पाहण्यास गुरुजी नव्हते. ११ जून १९५० रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी आपली जीवनयात्रा स्वतःच्या हाताने संपविली. त्या दुःखद घटनेची चिकित्सा करण्याचा आमचा अधिकार नाही.

त्यापूर्वी, १५ ऑगस्ट १९४८ रोजी, त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले होते. देशापुढील केवढे तरी प्रश्न त्या साप्ताहिकात त्यांच्या लेखणीखाली येत. त्याच सुमारास आपली पुतणी सुधा हिला ते पत्रे लिहीत होते. पाऊस, झाडे, पाखरे, माणसे, देशातल्या घडामोडी, असे सारे काही त्या पत्रांत असे. पुढे ती ‘सुंदर पत्रे’ या नावाने पुस्तकरूपाने निघाली आणि आजही मिळतात. वसतिगृहात जाणाऱ्या मुलाच्या ट्रंकेत वह्यांबरोबर हे एक पुस्तक, आणि घरचा पत्ता आधीच लिहून ठेवलेली काही पोस्टकार्डे, सहज मावतात.